दारात मी होते

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवरा गेला, त्यालाही ठाऊक नव्हतं. माय गेली — तिला तर कळूच नये म्हणून मी आयुष्यभर जपले. आता घरात मी आणि पुस्तकं. पुस्तकांना काय सांगायचं? म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे.

कुठून सुरू करू — दादापासून करते.

वसंतदादा माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. चिखलीपासून थोडं आत आमचं गाव, आणि गावाच्या कडेला आमची बौद्धांची वस्ती. दादा गावातल्याच झेडपीच्या शाळेत मास्तर होता. माय दुसऱ्यांच्या शेतात तण निंदायला जाई, त्यातूनच आम्ही दोघं शिकलो. मला नुकतीच चिखलीच्या शाळेत नोकरी लागली होती आणि दादाच्या पायांना सूज यायला लागली. मग चेहरा सुजला. मग बुलढाण्याचे डॉक्टर, मग मुंबईचा मोठा दवाखाना. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. ती बदलता येतात, असं तेव्हा आमच्या तालुक्यात कोणी ऐकलेलं नव्हतं. मलाही ते पुस्तकातल्या गोष्टीसारखंच वाटलं.

मायनं एकच विचारलं, "माहा गुर्दा चालते का?"

चालला. तपासण्या झाल्या, रक्त जुळलं. ती एका खोलीत गेली, दादा शेजारच्या खोलीत. मी बाहेर बाकड्यावर. नंतर एका सिस्टरनं सांगितलं — मायचं मूत्रपिंड काढलं तेव्हा ते धुतल्यासारखं फिकट पडलं होतं. दादाच्या पोटात बसवून रक्ताची वाट मोकळी केली, तर बघता बघता गुलाबी झालं, आणि टेबलावरच लघवीचे थेंब यायला लागले. ती सिस्टर रोजच अशा गोष्टी बघत असणार. तरी सांगताना तिचा आवाज खाली आला. मी त्या बाकड्यावर हात जोडले. कोणाला जोडले? आमच्या घरातले देव आजोबांनी कधीच नदीत सोडले होते. तरी जोडले गेले. ज्या बाईनं जन्म दिला तिनं पुन्हा एकदा, चाळिशीतून बाहेर पडताना, त्याच मुलाला आपल्या अंगातून काढून काही दिलं — आणि ते चालू झालं! 

तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. माय बायकांच्या वॉर्डात पडून होती, दादा काचेच्या खोलीत गुंगीत. शिकलेली म्हणून मी एकटीच.

डॉक्टर म्हणाले, शरीर फार इमानी असतं. आईचा अवयव असला तरी ते विचारतं, तू आमचा का? आणि आमचा नाही म्हटलं की मारायला उठतं. म्हणून गोळ्या देऊन आम्ही त्याच्या पहारेकऱ्याला झोपवतो. आईला आत राहू देण्यासाठी. पण पहारेकरी झोपला की बाकीचेही आत येतात. साधी सर्दी, तोंडातले फोड, नागीण, कांजिण्या — तुम्हाआम्हाला जे चार दिवस त्रास देऊन जातं ते यांच्या फुप्फुसात उतरतं. आता पहारा तुम्ही करायचा.

मग त्यांनी विचारलं, याला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? मी मायकडे जाऊन विचारून आले. नव्हत्या झाल्या. मला आल्या होत्या तेव्हा दादाला मामाच्या गावी, बीबीला ठेवलं होतं. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. म्हणाले, मग हे पक्कं लक्षात ठेवा. कांजिण्यांचा माणूस जवळ आला, तर अंगावर फोड उठायची वाट बघायची नाही. लगेच गाडीत बसायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत पोचलात तर एक सुई आहे, आम्ही मागवू. उशीर झाला तर मग फार काही हातात राहत नाही. आणि सगळ्या फोडांच्या खपल्या होईपर्यंत तो माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, हेही सांगितलं.

मला समजलं. पूर्ण समजलं. हे मी मुद्दाम लिहिते.

गावी आलो. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरल्यासारखं. आणि हा तर मायचा गुर्दा घेऊन आलेला मास्तर! सगळी वस्ती लोटली. मी दारात उभी. ओसरीच्या आत कोणी यायचं नाही. दादाचा पेला वेगळा, ताट वेगळं. त्याला हात लावायचा नाही. आत जाणाऱ्यानं — म्हणजे मी आणि माय — साबणानं हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून जायचं. लेकरं नकोत, सर्दीवाले नकोत.

आता तुमच्याही लक्षात आलं असेल, हे नियम कशासारखे दिसत होते.

शेजारचे गोविंदाबाबा ओसरीच्या पायरीवर बसून मोठ्यानं म्हणाले, "काऊन वं शाले, पोरगी शिकली अन् सोवळ्यात गेली का? आमचा इटाळ होते व्हय आता मास्तरले?"

सगळे हसले. आतून दादाही हसला. "बाबा, तुमचा नाही, तुमच्या बिडीचा होते," तो ओरडला. बाबांनी बिडी विझवून कानावर ठेवली आणि म्हणाले, "घे. झाला शुद्ध." वस्तीतल्या लोकांनी असं हसून मानून घेतलं. एक मावशी तेवढी रागावली. तिनं दादाला लहानपणी सांभाळलं होतं. ती शिंकली आणि मी तिला पायरीवरूनच परत पाठवलं. "माह्या हातचं खाऊन मोठा झाला तो, अन् मी बाहीर?" ती रडत गेली. मला वाईट वाटलं, पण मी हलले नाही. मला माझ्या कडकपणाचा थोडा अभिमानच वाटला होता — हेही लिहायला हवं.

म्हणजे मला थांबवता येत होतं. नाही म्हणता येत होतं. एवढं ध्यानात असू द्या.

गावात मोठ्या बाई म्हणून एक होत्या. खरं नाव सगळे विसरले होते. त्यांच्याच शेतात मायचं आयुष्य निंदण्यात गेलं. वाईट नव्हत्या. अडीअडचणीला धान्य देत. पण वरून ओंजळीत. त्यांच्या नातवंडांना दादा त्यांच्या ओट्यावर बसून शिकवायला जाई, तेव्हा त्याला चहा मिळे. त्याच्यासाठीची कपबशी वेगळी, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेली. चहा पिऊन मास्तर ती स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवी. मुलांना गणित शिकवणारा मास्तर. त्यानं कधी तक्रार केली नाही. मी केली, तर म्हणे, "मी पोरायले शिकवाले जातो शालू, कप पाहाले नाही."

एका दुपारी मोठ्या बाई आमच्या वस्तीत आल्या.

मी दारात होते. त्यांना येताना पाहिलं आणि आधी वाटलं, पुढे कुठे जात असतील. आमच्या वस्तीच्या पुढे काही नव्हतं. कडेवर त्यांची धाकटी नात, तीनेक वर्षांची. त्या सरळ आमच्या अंगणात शिरल्या. वस्तीतल्या बायका दारादारांत उभ्या राहिल्या. कोंबड्यांचाच काय तो आवाज.

"मास्तर कसे हायेत?" त्यांनी विचारलं. मी काही बोलण्याआधीच पुढे म्हणाल्या, "कईचं यावं म्हनत होती. पन हिले आई आल्या होत्या ना. काल न्हाऊ घातलं, देवीच्या पाया पडून आनलं. म्हनलं, आता मास्तरले भेटून यावं. लय लळा लावला त्यानं आमच्या पोरायले."

आई आल्या, म्हणजे कांजिण्या. आमच्याकडे त्याला आजार म्हणत नाहीत. घरात फोडणी देत नाहीत, बाहेरच्याला आत घेत नाहीत — तोवर लोकही आपलं आपण जपतात. पण शेवटचं न्हाणं झालं की आई गेल्या. मग लेकराला बाहेर काढतात, देवळात नेतात, चार घरी नेतात. बाईंनी काही लपवलं नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे लेकरू निर्मळ होतं. त्यांनी मला सांगितलं, दारात, स्वच्छ शब्दांत.

आणि मी पाहिलं. मुलीच्या कानामागे, केसांच्या कडेला. बाकी खपल्या होत्या. तिथे मात्र दोन फोड ओले होते. पाणी भरलेले. उन्हात चकाकत होते.

मी हात वर केला होता. खरंच केला होता. अडवण्यासाठी. आत येऊ नका, शिवू नका — एवढंच म्हणायचं होतं. पण हे शब्द कोणी कोणाला म्हणायचे? पिढ्यान्‌पिढ्या ते त्यांनी आम्हाला म्हटले होते. आणि आज ती बाई, आपणहून, आमच्या उंबऱ्याशी उभी होती, चपला काढत होती. मी तो हात तसाच खाली आणला.

त्या आत गेल्या. दादाच्या बाजेवर, त्याच्या पायांशी बसल्या. दादा उठून बसला. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. मुलगी बाजेवर चढून त्याच्या मांडीत जाऊन बसली, लेकरं कोणाकडेही जातात तशी. कित्येक आठवडे त्यानं लेकरू जवळून पाहिलं नव्हतं. त्यानं तिचं डोकं छातीशी धरलं.

"पानी दे वं पोरी," बाई म्हणाल्या, "ऊन लागलं मले."

मागच्या दारानं माय आली होती. ओल्या हातांनी तशीच भिंतीला टेकून उभी. मी पेला भरला. आमच्या माठातलं पाणी, आमचा पेला. वाटलं, वरून पितील. बाईंनी पेला ओठांना लावला आणि पाणी प्याल्या. सगळं. मग पदरानं तोंड पुसून पेला मायच्या हातात दिला.

काय सांगू तुम्हाला? मी पुढे किती वाचलं, किती मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली. त्या क्षणाएवढं मोठं मी काही पाहिलं नाही. खोली उंच झाल्यासारखी वाटली. मायचे डोळे भरले होते. आणि त्याच वेळी, त्याच बाजेवर, डोळ्यांना न दिसणारं काहीतरी मुलीच्या कानामागून निघून माझ्या भावाच्या श्वासात जात होतं. ना धड जिवंत, ना मेलेलं, असं पुस्तकात म्हणतात त्याला. त्याला जात नाही, उंबरा नाही. मला दोन्ही दिसत होतं. मी एकालाही थांबवलं नाही.

बरं, तो क्षण गेला. धरू — तोंडातून शब्द फुटला नाही. असं कोणाचंही होईल. पण पुढचे दोन-तीन दिवस? ते तर माझेच होते. ती सुई होती. चिखलीहून मलकापूरची एसटी होती, मलकापूरहून मुंबईची गाडी. मी दादाचे कपडे पिशवीत भरलेही. मग विचार आला, का निघालो म्हणून सांगू? वस्ती विचारेल, गाव विचारेल, बाईंना कळेल. त्या एकदाच आल्या, आणि आम्ही म्हणालो की तुमच्यानं आम्हाला बाधा झाली! मी कपडे पुन्हा काढून ठेवले. दोनच तर फोड होते, मी स्वतःला म्हटलं. काही होणार नाही.

दादा त्या दिवसांत फार खुशीत होता. येणाऱ्या प्रत्येकाला ओसरीपलीकडून सांगे. मला म्हणे, "पाह्यलं ना शालू? ओठ लावून पेल्या. आता माह्या कपबशीले कोनाडा लागत नाही, पाह्य. ओट्यावरच चहा पेतो मी." मायही हसे. त्या हसण्यात मी काय बोलणार होते? — नाही, हे कारण झालं. बोलता आलं असतं. तो मास्तर होता, त्याला समजलं असतं. तोच म्हणाला असता, चल लवकर.

दोनेक आठवड्यांनी त्याला ताप आला. पाठ दुखायला लागली. मग छातीवर, पोटावर, तोंडात फोड. मायनं कडुलिंब आणला, म्हणाली, "आई आल्या, काही बोलू नका." तेव्हा मात्र मी ओरडले आणि गाडी गाठली. फार उशिरा ओरडले.

तेच तरुण डॉक्टर. त्यांनी दादाला पाहिलं आणि मला बाहेर घेऊन विचारलं, "कांजिण्यांचं कोणी आलं होतं का जवळ? घरात, शेजारी?"

मी म्हणाले, "नाही. मी कोणालाच आत येऊ दिलं नाही."

हे माझे शब्द. जसेच्या तसे. त्यांनी विश्वास ठेवला. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मग तुमच्याकडून शक्य होतं तेवढं तुम्ही केलंत. मी मान हलवली. ती शाबासकी मी घेतली.

औषध नवीनच आलं होतं, ते त्यांनी शिरेतून सुरू केलं. पहारेकऱ्याला झोपवणारी एक गोळी बंद केली, दुसरी कमी केली. पण ते फुप्फुसात उतरलं होतं. दादा श्वासासाठी झगडत होता आणि मी काचेच्या बाहेर. शेवटी शेवटी डॉक्टर माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आश्चर्य आहे. किडनी अजून उत्तम चालतेय." सगळं एकेक करून थांबत होतं आणि मायनं दिलेला तो मूठभर अवयव आपलं काम करत राहिला होता. दादा गेला त्या सकाळपर्यंत.

मला वाटलं होतं, यापेक्षा वाईट काही मी करणार नाही.

मोठ्या बाई दुःखाला आल्या. मायजवळ जमिनीवर बसल्या, तिला कवेत घेऊन रडल्या. पुढे त्या दोघींचं येणं-जाणं राहिलं. बाईंच्या ओट्यावर माय बरोबरीनं बसायची. गावात हळूहळू ते कोणाला नवल राहिलं नाही. ती मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गेली. तिच्याबद्दल किंवा बाईंबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनी मला सांगितलं होतं. दारात मी होते.

पण माय. डॉक्टरांनी तिला कागदावरची इंग्रजी नावं सांगितली असतील, तिनं ती घेतली नाहीत. फोड म्हणजे आई, त्या पोराचा जीव घेणार नाहीत, असं धरून तिनं आपला एक अर्थ लावला. ती म्हणायची, "लय निंदलं मी. उन्हातान्हात वाकून वाकून थकलेला गुर्दा देला त्याले. ताजा असता तं पोरगं वाचलं असतं." प्रथम म्हणाली तेव्हा मी दचकले. नको असं बोलू, एवढंच म्हणाले. नंतर ती वर्षातून एकदोनदा म्हणायची, सहज, भाजी निवडता निवडता. माझं लग्न झालं, मी बुलढाण्याला आले, पुढे तिला माझ्याकडे आणलं. ती तिथेही म्हणायची. डाव्या कुशीवरच्या व्रणावर हात ठेवायची सवय तिला लागली होती. तिला वाटायचं, तो व्रण तिच्या चुकीचा आहे.

एक वाक्य पुरलं असतं. किडनी शेवटच्या सकाळपर्यंत चालत होती माय, ती थकलेली नव्हती. एवढंच. पण मग तिनं विचारलं असतं, तं मंग कायनं गेला? फोडांनी, असं म्हटलं असतं, तर विचारलं असतं, ते कोठून आले? — आणि माय मूर्ख नव्हती. तिनं त्या दुपारचा तो पेला स्वतःच्या हातात घेतला होता. तिला मुलीच्या अंगावरच्या खपल्या आठवल्या असत्या. बाईंचं जाणं-येणं तुटलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं ते एवढंच की तिनं माझ्याकडे पाहिलं असतं.

ती बुलढाण्यात, माझ्या घरात गेली. अखेरच्या दिवसांत जेवण सुटलं होतं, बोलणंही कमी झालं होतं. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते, तेव्हा अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "शाले, तू शिकलेली. खरं सांग. माह्यातच कमी होतं ना काही?"

तिनं मला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मी म्हणाले, "झोप माय."